शिंगाळा, खुद्री आणि नाव नसलेला मासा

चार वर्षांपूर्वी उजनीच्या बॅकवॉटरला, इंदापूरच्या बाजूला, माझ्या रॉडला पहिल्यांदा मोठा मासा लागला. लांबट चपटं तोंड, लांबच लांब मिशा, अंगावर एकही खवला नाही आणि शेपटीकडच्या छोट्या मांसल पंखावर काळा ठिपका. मी फोटो काढला, मासा परत पाण्यात सोडला आणि रात्री 'जायंट कॅटफिश!' असं लिहून फोटो इन्स्टाग्रामवर टाकला.

सकाळी मामाचा फोन. मामाचं अख्खं आयुष्य भीमेच्या काठावर गेलंय.

"कॅटफिश काय रे? शिंगाळा हाय त्यो. आन् सोडला व्हय?"

सोडल्याबद्दल मला बराच वेळ बोलणी बसली. पण डोक्यात राहिला तो 'शिंगाळा' हा शब्द. ऑफिसात बिल्ड चालू असताना मी सहज तो शोधला. समोर शास्त्रीय नाव आलं, स्पेराटा सीनघाला. पुढे कंसात नाव आणि साल: साइक्स, 1839. शास्त्रात एखाद्या जातीचं वर्णन ज्या नमुन्यावरून झालं तो कुठे मिळाला, याची नोंद ठेवतात. इथे ती नोंद होती 'मोटा मोला' नदी, पुणे.

मोटा मोला म्हणजे आपली मुळा-मुठा. माझं ऑफिस खराडीत आहे. चहाला खाली उतरलं की चार पावलांवर तीच नदी दिसते. फेस, जलपर्णी आणि वास. मामा ज्याला शिंगाळा म्हणतो त्या माशाची जगाला पहिली ओळख याच पाण्यातून झाली, आणि त्याचं लॅटिन नावसुद्धा मामाचाच शब्द आहे.

त्या दिवसापासून मी मासेमारीइतकाच माशांच्या नावांच्या मागे लागलो.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. 1824 मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. गावं, पिकं, लोकसंख्या, हवामान मोजायचं हे त्याचं काम. पण हा माणूस मोजता मोजता पक्षी, प्राणी आणि मासेही टिपत गेला. इंग्लंडला परतल्यावर दख्खनच्या माशांवरचा त्याचा अभ्यास लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे आला आणि चाळीसच्या वर जातींची वर्णनं छापली गेली.

ही यादी मराठी माणसानं मोठ्यानं वाचून बघावी. सीनघाला म्हणजे शिंगाळा. सीनगटी म्हणजे शिंगटी. गोग्रा म्हणजे घोगऱ्या. नुक्टा म्हणजे नकटा, आणि त्या माशाच्या नाकाडावरची खोल खाच पाहिली की हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. मग कोलस, टाकरी, खुद्री. यादीत साहेबाच्या ओळखीपाळखीचे लोकही आहेत. एका माशाला यारेल यांचं नाव, एकाला चिल्ड्रेन यांचं, एकाला ओगिल्बी यांचं. हे सगळे लंडनचे निसर्ग-अभ्यासक. ज्यांनी जाळ्यातून मासा काढून 'साहेब, हा नकटा' असं सांगितलं असेल, त्यांचं नाव मात्र एकाही माशाला नाही. त्यांची भाषा तेवढी राहिली. पुण्याच्या नदीकाठची बोली गेली जवळजवळ दोनशे वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत लॅटिन म्हणून वावरतेय आणि आम्ही इकडे 'कॅटफिश' म्हणतोय.

या यादीतला सगळ्यात गाजलेला मासा म्हणजे खुद्री. आजचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, म्हणजेच दख्खनचा महसीर. हाही साइक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला. खवले मोठाले, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सगळा स्नायू. काटेकोरपणे बोलायचं तर तो शिंगाळा, शिवडा किंवा मरळीसारखा पक्का शिकारी नाही. फळं, शेवाळ, गोगलगायी, खेकडे, छोटे मासे, जे मिळेल ते खातो. पण पाण्यात फिरणाऱ्या चमकत्या पत्र्याच्या चमच्यावर तो असा तुटून पडतो की गळवाल्यांनी त्याला शिकाऱ्यांच्याच रांगेत बसवलंय.

त्याची ही कीर्ती पसरवली गोऱ्या अधिकाऱ्यांनी. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. त्यानं 1873 मध्ये मंगळूरला 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक छापलं आणि ते हिंदुस्थानात गळ टाकणाऱ्या साहेबांची पोथी बनलं. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यानं देशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवरचा सरकारी अहवाल दिला. नद्यांतले मासे कमी होतायत ही काळजी तेव्हापासूनची आहे. 1897 मध्ये 'इंडियन फिशरीज ॲक्ट' आला आणि पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरलं.

साहेबांच्या कायद्याआधी आपल्याकडे मासे वाचत नव्हते असं मात्र नाही. महाडजवळ वाळण कोंड आहे. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे. दोन्हीकडच्या डोहांत महसीर आहेत आणि ते देवाचे मासे म्हणून कुणी मारत नाही. मी वाळण कोंडला गेलो तेव्हा रॉड गाडीतच ठेवला होता. कुरमुरे टाकले की खालच्या काळोखातून एकेक पाठ वर येते. मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यात मोठे महसीर तिथले. गळाला लागलेला एकही त्यांच्या जवळपास जात नाही.

पण देवाचा डोह तेवढ्या डोहापुरता. बाकीच्या नदीत धरणं उभी राहिली. महसीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो, आणि भिंत त्याला ओलांडता येत नाही. जिथे भिंत नव्हती तिथे सुरुंग, विष आणि शहरांचं सांडपाणी होतं.

इथे गोष्टीत एक मराठी माणूस येतो. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले शास्त्रज्ञ. त्यांच्यावर माझा जीव जडला तो एका नावामुळे. 1952 मध्ये त्यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. कुलकर्णींनी त्याच्या जातीला नाव दिलं 'खवलचोर'. निओट्रॉपियस खवलचोर. शिकारी माशाला इतकं चपखल नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

याच कुलकर्णींनी पुढे खुद्री हाती घेतला. लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीचं वळवण धरण आहे. तिथल्या माशांवर काम करून त्यांनी 1970 च्या सुमारास खुद्रीची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. पावसाळ्यात पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य सोडायचं आणि ती अंडी स्वच्छ वाहत्या पाण्यात उबवायची. रोहू-कटल्याच्या मानानं महसीर अंडी फारच कमी घालतो, त्यामुळे एकेक अंडं मोलाचं. हे तंत्र जमलं आणि लोणावळ्याच्या केंद्रातून वर्षानुवर्षं खुद्रीची पिल्लं तयार होऊ लागली. महाराष्ट्रातल्या तलावांत गेली, परराज्यांतही गेली. साइक्सला आमच्या नदीत मिळालेला मासा नामशेष होण्यापासून वाचला.

मला ही गोष्ट इथेच संपवायला आवडलं असतं.

लोणावळ्याची पिल्लं जिथे गेली त्यात एक नदी होती कर्नाटकातली कावेरी. तिथे आधीपासून एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला आणि अवाढव्य. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं कावेरीची उपनदी कबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा महसीर गळाला लावला. स्वातंत्र्यानंतर लोक ही नदी जवळपास विसरले. 1977 मध्ये काही इंग्रज तरुण शोधत तिथे पोचले आणि कावेरी पुन्हा जगाच्या नकाशावर आली. गॅलिबोर, भीमेश्वरी इथे कॅम्प उभे राहिले. मासा पकडायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. आसपासच्या गावातले, एकेकाळी सुरुंगानं मासे मारणारे काही जण या कॅम्पांवर गाईड झाले.

त्याच काळात, 1970 च्या दशकापासून, कावेरीत मासे वाढावेत म्हणून लोणावळ्याच्या खुद्रीची पिल्लं सोडली जात होती. हेतू चांगलाच होता. महसीर कमी झालाय, मग महसीर सोडू. पण सोडलेला महसीर वेगळा होता. कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या निळ्या पंखांच्या माशाची पिल्लं कावेरीच्या कुबडवाल्याच्या घरात जात होती. आमच्या धंद्यात टेस्ट न करता दुसऱ्याच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर कोड ढकलावा, तसला हा प्रकार. फरक एवढाच की नदीला रोलबॅक नसतो.

हे उघडकीला कशामुळे आलं? गळवाल्यांच्या वह्यांमुळे. गॅलिबोरच्या कॅम्पवर 1998 ते 2012 या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. किती तास गळ टाकला, कुठला महसीर लागला, वजन किती. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. निळ्या पंखांचा मासा वाढत गेला होता. कुबडवाला कमी कमी होत गेला होता, आणि जे लागत होते ते मोठेच. म्हणजे म्हातारे उरले होते आणि खालून पोरं येत नव्हती. तोवर अभयारण्यातली गळाची मासेमारी कायद्यावर बोट ठेवून बंद झाली होती. वह्याही थांबल्या.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट पुढे आहे. जगभरच्या मासिकांत फोटो छापून आलेल्या या माशाला तेव्हा स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं. बरीच वर्षं त्याला 'मुसुल्ला' म्हणत. हे नाव साइक्सच्याच यादीतलं, आणि त्याचा मूळ मासा शिरूरजवळच्या घोड नदीतला. तो महसीर नाही, वेगळ्याच कुळीचा आहे, हे अलीकडे स्पष्ट झालं. म्हणजे कावेरीचा राजा आमच्या शिरूरच्या माशाचं नाव उसनं घेऊन फिरत होता. 2018 मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं की केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेली टॉर रेमादेवी ही जात म्हणजेच हा कुबडवाला. नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. ज्याचं नाव 1839 पासून पक्कं होतं तो आमचा खुद्री मात्र, आधी 'संकटग्रस्त' असलेला, आता फारशी काळजी नको अशा वर्गात आलाय.

मी या दोन माशांवर खूप विचार केलाय. डॉ. कुलकर्णींना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तेव्हाच्या माहितीवर त्यांनी एक मासा वाचवला, आणि तसं काम फार थोड्या लोकांच्या हातून होतं. चूक झाली ती 'महसीर म्हणजे महसीर' या समजुतीची. कावेरीकाठच्या मासेमारांना कुबडवाला आणि निळ्या पंखांचा यांतला फरक डोळे मिटूनही सांगता आला असता. साइक्सनं निदान काठावरच्या लोकांना नाव विचारून ते लिहून घेतलं होतं. पुढच्यांनी सगळ्याला मिळून एकच शब्द वापरला. मीही माझ्या फोटोखाली तेच तर केलं होतं.

उजनीत आता चिलापी भरलीय. भिगवणच्या हॉटेलांत तीच तळून मिळते आणि चांगली लागते, पण ती इथली नाही, आफ्रिकेतली. मामा म्हणतो, पूर्वी एका रात्रीत जाळ्यात दहा-बारा तऱ्हेचे मासे यायचे. मी विचारलं, कुठले? तो बोटांवर मोजायला लागला. आठव्या नावानंतर अडखळला. "आरं, त्यो एक चपटा, चांदीसारखा... नाव तोंडावर हाय बघ."

मी आता रॉडच्या पिशवीत एक साधी वही ठेवतो. तारीख, जागा, पाणी कसं होतं, कुठला मासा, अंदाजे लांबी. शेवटचा रकाना काठावर जो कुणी जाळं घेऊन बसला असेल त्याच्यासाठी. त्याला मासा दाखवायचा, तो म्हणेल ते नाव जसंच्या तसं लिहायचं आणि मग मासा सोडायचा. काही जण हसतात, काही जण 'सोडू नको, मला दे' म्हणतात, पण नाव सगळेच सांगतात.

चांदीसारख्या चपट्या माशासाठी मी एक ओळ रिकामी सोडलीय. मामाला आठवलं की फोन येईल.