‘सेल्फ घेते का?’

बंद मोटारीजवळ आलेला मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, ‘सेल्फ घेते का?’ गाव पुणे असो, नांदेड असो की चिपळूण, प्रश्न हाच. मोटारीच्या इतिहासाचं साधन म्हणून मला अशी वाक्यं फार मोलाची वाटतात. कारखाना कधी उभा राहिला, कुणी उभारला, याच्या नोंदी मिळतात. दुरुस्तीच्या मिळत नाहीत. ती विद्या वस्तादाच्या तोंडून पोराच्या कानात गेली आणि बहुतेक तिथेच राहिली. म्हणून गॅरेजची बोली हाच दस्तऐवज समजून वाचावी लागते.

या प्रश्नात निदानाचं निम्मं काम आहे. इंजिन फिरतच नसेल तर दोष बॅटरी, तारा किंवा स्टार्टर मोटारीत शोधायचा. हेडलाइट लावून चावी फिरवायची. उजेड मंदावून नुसती ‘टक टक’ आली तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा साका चढलाय. उजेड तसाच राहून आवाजच आला नाही तर सोलेनॉइड किंवा चावीचा स्विच. इंजिन जोमात फिरतंय पण पेटत नाही, असं असेल तर मात्र हे सगळं सोडायचं आणि दुसरा प्रश्न विचारायचा : ‘करंट नाही की पेट्रोल नाही?’

ही वाटणी मोटारीइतकी जुनी नाही. १९१२ च्या आधी इंजिन फिरवणारा माणूसच होता. त्यामुळे ‘इंजिन फिरतंय का’ हा प्रश्न त्याच्या दंडाला विचारावा लागे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीचंच बघा. स्टिअरिंगखालची डावी दांडी वर सारून ठिणगी मागे घ्यायची, रेडिएटरजवळची चोकची तार ओढायची आणि डाव्या हाताने हँडल वर खेचायचं. अंगठा हँडलला वेढायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर येई. मनगटापाशी रेडियस हाडाचं टोक मोडण्याला अस्थिरोगाच्या पुस्तकांत आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. याच गाडीत चार सिलिंडरांच्या चार कॉइल लाकडी पेटीत गुणगुणत असत. गुणगुण बंद म्हणजे करंट बंद. निदान कानाने करण्याची परंपरा इतकी मागे जाते.

चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. त्यामागची एक कथा सगळीकडे सांगितली जाते : कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडचा मित्र बायरन कार्टर एका बाईची बंद गाडी सुरू करून द्यायला गेला, हँडल जबड्यावर बसलं, त्यात तो गेला आणि लेलँडने हँडल हटवण्याची शपथ घेतली. ही घटना १९१० च्या हिवाळ्यातली असं सांगणारे आहेत. कार्टर तर एप्रिल १९०८ मध्येच वारला होता. मला या कथेपेक्षा केटरिंगची युक्ती अधिक रोचक वाटते. तो आधी डेटनच्या कॅश रजिस्टर कारखान्यात होता. गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवायला त्याने मोटार बसवली होती. ती मोटार क्षणभरच जोर लावते, म्हणून लहान असूनही चालते. इंजिन फिरवायलाही क्षणभराचाच जोर लागतो. आपला मेकॅनिक ‘सेल्फ सलग मारू नका, जळेल’ म्हणतो, ते याच हिशेबामुळे. ती मोटार सतत चालण्यासाठी बनलेलीच नाही. ‘सेल्फ स्टार्टर’मधला ‘सेल्फ’ इंग्रजांनी टाकून दिला आणि ‘स्टार्टर’ ठेवला. आपण बरोबर उलट केलं.

आपल्याकडे या विद्येची खरी शाळा भरली ती कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटभोवती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आणली. सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, एक डिस्ट्रिब्यूटर, एक कार्बोरेटर. बॉनेट उघडलं की सगळं समोर. प्लगची वायर काढून ब्लॉकजवळ धरायची. ठिणगी निळी आणि कडक असली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी असली तर पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि गॅप लावायचा, साधारण अर्धा मिलिमीटर. पावसाळ्यात आधी डिस्ट्रिब्यूटरचं टोपण पुसायचं. करंट असला तर कार्बोरेटरची नळी काढून सेल्फ मारायचा : पेट्रोलची पिचकारी आली तर पंप शाबूत. पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी ‘ओव्हर’ झालेली. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. उन्हाळ्यात घाटात पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. टॅक्सीवाल्यांपैकी कितीतरी जण हे स्वतःच करत. बंद गाडीचा तास म्हणजे त्यांचा बुडालेला धंदा. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या रंगाबद्दल भरभरून लिहिलं. तिच्याबरोबर निघालेल्या या ज्ञानाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

२००० च्या आसपास कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत निदानाचं ठरावीक सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं; पुढे तेच आपल्याकडे आलं. आता स्कॅनर लावला की कोड उमटतो. ‘पी ०३३५’ म्हणजे क्रँकशाफ्टची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटात दोष. पण कोड सर्किटावर बोट ठेवतो. त्या सर्किटात सेन्सर गेलाय, कनेक्टर सैल झालाय की उंदराने वायर कुरतडलीय, हे सांगत नाही. तिथे पुन्हा टेस्ट लॅम्प घेऊन वाकावंच लागतं. ज्यांनी पॉइंट घासले होते, त्यांना हे पटकन जमलं, असं मला गॅरेजांतून फिरताना दिसलं. नुसता स्कॅनर शिकलेली मुलं सेन्सर बदलत राहतात, बिल मालकाच्या नावे चढत राहतं.

एक गोष्ट मात्र वस्तादांच्या काळात नव्हतीच. १९९८ मध्ये जर्मनीने आणि ब्रिटननेही नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. चावीतली चिप ओळखू आली नाही तर इंजिन सुरूच होऊ द्यायचं नाही. शंभर वर्षं सुरू न होणारी गाडी बिघडलेलीच असे. आता ती शाबूत असून नकार देऊ शकते. करंट आहे, पेट्रोल आहे, सेल्फही घेते, तरी पेटत नाही. त्यामुळे हल्ली जाणता मेकॅनिक सेल्फचं विचारून झालं की लगेच म्हणतो, ‘डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का? दुसरी चावी घरी आहे ना? ती मागवा आधी.’