संगमाचा काठ कोणाचा?

तापी व पूर्णा ह्यांचा संगम मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव ह्या एकांत गावी होतो. महाशिवरात्रीस तेथील काठ यात्रेकरूंनी फुलतो. १९८२ साली हतनूर धरण पुरे होऊन त्याचे पाणी संगमापर्यंत पसरले. तेव्हापासून काठ पाण्याबरोबर मागेपुढे सरतो. मग काठावरील वाट कोणाची?

इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहाच्या विधिग्रंथाने सांगितले की, नदीकाठ जमीनमालकाचा असला तरी त्याचा उपयोग सर्वांचा. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या खटल्यात शासनास अशा संपत्तीचे केवळ विश्वस्त ठरविले.

प्रभूने आपले पहिले शिष्य मोकळ्या सरोवरकाठीच पाचारिले. प्रिय बंधुभगिनींनो, आम्ही इतकेच विनवितो: कुंपण घालताना शेजाऱ्याची पाण्याकडील वाट राखा.