विटांची समता

सरकारने शाळेसाठी पैसा दिला की आपण टाळ्या वाजवतो. पैसा किती, हे आपण विचारतो. तो कशासाठी दिला, हे फारसे विचारत नाही. इतिहासाचा अध्यापक म्हणून मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला सापडले ते अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना या राज्यात.

2008 साली अमेरिकेची अर्थव्यवस्था कोसळली. 17 फेब्रुवारी 2009 रोजी अध्यक्ष ओबामांनी 787 अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही केली. मंदीच्या काळात सरकारने बांधकामे काढायची, म्हणजे गवंड्याला काम मिळते आणि गावाला शाळा, असा हा विचार. आपल्याकडचे दुष्काळी काम ज्याने पाहिले आहे, त्याला तो नवा नाही. प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात शाळांच्या इमारतींसाठी स्वतंत्र तरतूद होती. सेनेटमधल्या घासाघाशीत ती गेली. राज्यांना द्यायच्या 53.6 अब्ज डॉलरच्या निधीतून इमारती दुरुस्त करायला मुभा राहिली, शिवाय कर्जरोख्यांची सोय झाली.

या वादात डिलन या गावच्या शाळेचे नाव जगभर गेले. शाळेचा जुना भाग 1896 चा. छत गळके, आणि शेजारून आगगाडी गेली की मास्तरांना शिकवणे थांबवावे लागे. तिथल्या आठवीतल्या एका काळ्या मुलीने अमेरिकी काँग्रेसला पत्र लिहिले आणि ओबामांनी ते भर सभागृहात सांगितले. राज्याचे गव्हर्नर मार्क सॅनफर्ड मात्र अडून बसले. वाट्याच्या सुमारे 70 कोटी डॉलरमधून आधी राज्याचे कर्ज फेडू द्या, नाहीतर पैसाच नको, असा त्यांचा हेका. जून 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तो निधी मागायला भाग पाडले.

वर्तमानपत्रांनी याला दोन पक्षांचे भांडण म्हटले. मला त्यात जुनी गोष्ट दिसते. याच राज्याने एकदा शाळा बांधण्यासाठी तिजोरी मोकळी केली होती, कोणी न्यायालयात न ओढता. नव्हे, न्यायालयात ओढले गेले म्हणूनच.

क्लॅरेंडन काउंटीतील काळ्या पालकांनी 1947 साली फक्त एक बस मागितली होती. गोऱ्या मुलांसाठी 30 बसगाड्या, काळ्यांसाठी एकही नाही. पोरे मैलोगणती चालत. 61 काळ्या शाळांत साडेसहा हजार मुले आणि 12 गोऱ्या शाळांत चोवीसशेच्या आत. तरी त्या 12 इमारतींची किंमत या 61 च्या तिपटीहून जास्त. 1949-50 साली गोऱ्या मुलामागे 179 डॉलर खर्च झाले, काळ्या मुलामागे 43. बस मागणारे शेतकरी लेव्हाय पिअर्सन यांची उधारी बंद झाली. पाद्री व शिक्षक जोसेफ डीलेन यांनी लोकांना एकत्र केले. हॅरी ब्रिग्ज हे पेट्रोलपंपावर काम करीत, त्यांची नोकरी गेली, बायकोचीही गेली. बहिष्कार हा शब्द आपल्याला कोशात पाहावा लागत नाही.

थरगुड मार्शल यांनी दावा हाती घेतला आणि मागणी बदलली. बस नको, बरोबरीची शाळा नको, वेगळेपणाच नको. तिथे राज्य घाबरले.

जेम्स बर्न्स जानेवारी 1951 मध्ये गव्हर्नर झाले. हा कोणी गावगुंड नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायमूर्ती, माजी परराष्ट्रमंत्री. त्यांनी शेकडा 3 विक्रीकर बसवला आणि शाळाबांधणीसाठी साडेसात कोटी डॉलरची योजना काढली. पैशाचा मोठा वाटा काळ्यांच्या शाळांना. पत्र्याच्या, लाकडी खोपटांच्या जागी विटांच्या एकमजली इमारती उठू लागल्या. ज्या समर्टन गावातून दावा निघाला, तिथल्या स्कॉट्स ब्रँच शाळेलाही नवी इमारत मिळाली. मे 1951 मध्ये चार्ल्सटनच्या न्यायालयात सुनावणी सुरू होताच सरकारी वकिलाने उठून कबूलच करून टाकले, की होय, शाळांत विषमता आहे. आता आम्ही ती दूर करतो आहोत, तेवढा वेळ द्या.

या कबुलीतली लबाडी लक्षात घेतली पाहिजे. ऐंशी वर्षे जे दिसले नव्हते ते एका दाव्याने दिसले. आणि दिसल्यावर दिले काय? विटा. विटा दिल्या की माणूस शेजारी बसवावा लागत नाही. विक्रीकराचेही पाहा. तो पीठ घेणाऱ्या बटाईदाराकडूनही वसूल होतो. म्हणजे आपल्याला अलग ठेवणाऱ्या भिंतीची वीट काळ्या मजुराने स्वतःच्या कनवटीतून विकत घेतली. हेही पहिल्यांदा नव्हते. 1932 पर्यंत रोझेनवाल्ड निधीच्या मदतीने दक्षिणेत सुमारे पाच हजार काळ्या शाळा उभ्या राहिल्या. त्यात त्या धनिकाच्या निधीपेक्षा काळ्या लोकांनी पै-पै करून घातलेली रक्कम थोडी जास्तच होती. कर भरायचा तो वेगळा.

तरीही त्या इमारतींना हिणवणे मला जमत नाही. आमच्या वस्तीत 1990 नंतर रोजगार योजनेच्या पैशातून दोन खोल्यांची शाळा झाली. गावातल्या थोर मंडळींनी नारळ फोडला आणि हसतमुखाने भाषणे केली. कारण उघड होते, आमची पोरे आता गावातल्या शाळेत येणार नव्हती. पण माझ्या अंगठाबहाद्दर बापाने त्या फरशीवरून हात फिरवला होता. पावसात न भिजता त्याचा मुलगा बसणार होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या खोलीतून निघाला. गावातली पोरे मात्र तिथे कधी आली नाहीत. शाळा चांगली होती आणि अपमानही होती. दक्षिण कॅरोलिनातले काळे शिक्षकही आपल्या नव्या शाळांचा अभिमान बाळगत. तो खोटा म्हणता येणार नाही.

आपल्या मुलखात हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेने महाराच्या मुलाला दार बंद केले. 1882 च्या हंटर आयोगाने खालच्या जातींसाठी स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यावे असे सुचवले. सरकारची सोय झाली, सवर्णांचे सोवळे टिकले. शाहू महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. बर्न्स शाळा बांधत होते तेव्हा माणसे तोडत होते. महाराज शाळा बंद करीत होते आणि माणसे जोडत होते. बाबासाहेबांनी 1946 साली डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्य सांगितले, ते उगाच नव्हे. शाळेत स्वतःचे गोणपाट नेऊन कोपऱ्यात बसलेल्या माणसाला छत म्हणजे समता नव्हे, हे कोणी शिकवावे लागत नव्हते.

चार्ल्सटनमध्ये तिघा न्यायमूर्तींपैकी दोघांनी राज्याला वेळ दिला. तिसरे, वेटीस वॉरिंग, यांनी वेगळेपणा हीच विषमता असे लिहिले आणि चार्ल्सटनचा गोरा समाज त्यांना पारखा झाला. डीलेन यांचे घर 1951 मध्ये जळाले, चर्च 1955 मध्ये. राज्याने 1952 साली आणखी पाऊल टाकले. सरकारी शाळा चालवण्याचे बंधनच घटनेतून काढण्याला गोऱ्या मतदारांनी कौल दिला. एकत्र बसायची वेळ आली तर शाळाच नको!

17 मे 1954 चा ब्राउन निकाल या दाव्यासह पाच दाव्यांवर होता. इमारती, अभ्यासक्रम, पगार समान झाले आहेत किंवा होत आहेत, म्हणून निव्वळ या मोजता येणाऱ्या गोष्टींवर आम्ही निकाल देणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. बर्न्स यांच्या विटांनीच त्यांचा घात केला. विषमता इमारतीत उरली नाही म्हटल्यावर ती कुठे आहे, हे पाहावेच लागले.

निकालानंतर गोरी मुले खाजगी अकादमींत गेली आणि काळ्यांच्या सरकारी शाळांत राज्याला रस उरला नाही. भिंत राखायची गरज होती तोवर पैसा होता. 1993 साली गरीब, बहुतांश काळ्या जिल्ह्यांनी पुन्हा राज्यावर दावा लावला. त्यात राज्य चुकले असा 3 विरुद्ध 2 निकाल यायला 2014 उजाडले, आणि 2017 मध्ये न्यायालयाने आपली देखरेखही काढून घेतली. डिलनमध्ये 2012 साली नवी शाळा उघडली. डीलेन यांच्यावरचा अटकेचा हुकूम राज्याने 2000 साली मागे घेतला, तेव्हा त्यांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.