दिल्लीचा मोर्चा आणि विद्रोहाची वंशावळ

साठोत्तरी मराठी साहित्यातील बंडखोरीची कुळकथा सांगताना समीक्षक सहसा मुंबईच्या अनियतकालिकांपासून प्रारंभ करतात आणि १९६८ च्या पॅरिसपर्यंत जाऊन पोहोचतात. दिल्लीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. खुद्द दिल्लीतील विद्यार्थी-असंतोषाची आठवणही १९७० च्या सुमारास सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून नक्षलवादी चळवळीत गेलेल्या मोजक्या तरुणांपाशीच घुटमळते. त्या तरुणांनी वर्ग सोडले. त्यांच्या आधी सहा वर्षे, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, संसदेवर जो मोर्चा गेला तो ज्यांच्या मुलांना अद्याप वर्गात पोहोचायचे होते अशा माणसांचा होता.

भारतीय रिपब्लिकन पक्षाच्या या मोर्चाचे नेतृत्व दादासाहेब गायकवाड यांच्याकडे होते. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात तावूनसुलाखून निघालेला नाशिक जिल्ह्यातील हा कार्यकर्ता तेव्हा राज्यसभेचा सदस्य होता. सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार हाती असतानाही रस्त्यावर यावेसे वाटणे यातच त्या काळच्या संसदीय राजकारणावरील एक भाष्य आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे पत्र देण्यात आले. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी, कसणाऱ्याला जमीन मिळावी, धान्याचे भाव आवरावेत, १९४८ चा किमान वेतन कायदा अमलात यावा, झोपडपट्टीतील जिणे सुधारावे, अस्पृश्यताविरोधी कायद्याने खरोखर न्याय मिळावा. पोटाचे आणि अंगावरच्या जखमांचे असे हे प्रश्न होते.

आणि तरीही त्या पत्रातील पहिली मागणी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे तैलचित्र लावावे ही होती. भाकरीच्या आधी तसबीर हा क्रम कित्येकांना भावनिक वाटेल. तो तसा नाही. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्याने राज्यघटनेच्या घरात आपली जागा मागितली होती. जमिनीची मागणीही त्याच जागेवर उभे राहून करायची होती.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र सर्वांत कळीची मागणी वेगळीच होती. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना घटनेतील सर्व सवलती मिळाव्यात, ही ती मागणी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा व्यापक समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. महाराष्ट्र शासनाने १९६० नंतर आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले. परिणामी खेड्यातून आलेल्या मुलापुढे अर्जातील धर्माचा एक लहानसा रकाना उभा राहिला. खरे लिहावे तर केंद्राची शिष्यवृत्ती व राखीव जागा हातची जाते. जुने लिहावे तर बापाने नागपुरात टाकून दिलेले पुन्हा अंगावर घ्यावे लागते. आत्मभानाचा जो पेच पुढे दलित साहित्याने अनेक अंगांनी मांडला त्याचे एक मूळ या सरकारी कागदात आहे. बाबूराव बागुल यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षकाचा अर्थही या संदर्भात अधिक गडद होतो.

मागण्यांना प्रतिसाद न मिळाल्याने ६ डिसेंबर १९६४ या बाबासाहेबांच्या स्मृतिदिनापासून देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत चालला. पक्षाच्या सांगण्यानुसार ३ लाखांहून अधिक लोकांनी तुरुंगवास पत्करला. हा आकडा थोडा कमी धरला तरी त्या दशकातील कोणत्याही विद्यार्थी आंदोलनापेक्षा तो मोठा ठरतो. स्त्रियाही मोठ्या संख्येने आत गेल्या.

या सत्याग्रहाची आठवण पुसट होण्यास पक्षही जबाबदार आहे. गटबाजी वाढली, १९६७ मध्ये काँग्रेसशी समझोता झाला, आणि मुंबईच्या वसतिगृहांत व वस्त्यांत वाढलेल्या तरुणांचा नेत्यांवरील विश्वास उडाला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी दलित पँथर उभी केली ती या नेतृत्वाला धुडकावूनच. नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले गेले आणि समीक्षकांची नजरही तिकडेच वळली. वडीलधाऱ्यांवरचा हा राग रास्त होता. परंतु ज्या पिढीला तो राग शब्दांत मांडता आला ती मिलिंद आणि सिद्धार्थ महाविद्यालयांतून शिकत असताना तिच्या शिक्षणाचा हक्क दिल्लीच्या रस्त्यावर मागणारी माणसे बहुतांशी निरक्षर होती, हे पँथरच्या इतिहासकारांनी ठळकपणे नोंदवायला हवे होते.

दादासाहेब गायकवाड १९७१ च्या डिसेंबरात निवर्तले. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी, आणि बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा देणारी दुरुस्तीही त्याच वर्षी झाली. १९६४ साली अर्जातील त्या रकान्यापाशी अडखळलेले विद्यार्थी तोवर आपल्या मुलांचे अर्ज भरण्याच्या वयाला आले होते.