तिसरा सिंह

दोस्तहो, मी काही इतिहासाचा पंडित नाही. गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. रातपाळी सुटली की वाचनालयात जाऊन बसतो. तिथंच एका पुस्तकात हा हंडा भेटला अन् डोक्यात बसला.

जर्मनीत स्टुटगार्टजवळ होखडोर्फ म्हणून गाव आहे. तिथलं एक टेकाड १९७८-७९ साली उकरलं. आत इ.स.पू. ५३० च्या सुमाराची केल्ट सरदाराची कबर. माणूस चाळिशीचा, सहा फुटी. त्याला काशाच्या कोचावर निजवलेलं. कोच पावणेतीन मीटर लांब. तो पेलायला काशाच्याच आठ बायका, हात वर केलेल्या, एकेका चाकावर उभ्या. म्हणजे मेल्यावरही ह्याचा भार दुसऱ्यानंच वाहायचा!

जवळ पाचशे लिटरचा काशाचा हंडा, ग्रीकांकडून आलेला. त्यात मधाची दारू. प्यायला नऊ शिंगं, ताटंही नऊ. दहाव्याला जागा नाही.

काशालाच एवढा मान का? तांब्यात कथील मिसळलं की कासं होतं. अन् कथील फार थोड्या ठिकाणी निघतं, दुरून यायचं. लोखंड तेव्हा आलं होतं, हत्यारं त्याची होत होती. पण थाटाला कासं राहिलं, सोनं राहिलं. व्यापाराची वाट ज्याच्या मुठीत, तो मोठा. मोठेपण काही अंगाला चिकटून जन्मत नाही. ते ओतावं लागतं, ठोकावं लागतं, चार लोकांत मांडून दाखवावं लागतं. अन् ओतणारा दुसराच असतो.

आता खरी गोष्ट. हंड्यावर तीन सिंह बसलेत. दोन ग्रीक घडणीचे. तिसरा निराळा. मूळचा गेला, त्या जागी तिथल्याच कारागिरानं नवा ओतून बसवला. त्या बापड्यानं जिता सिंह कधी पाहिला असेल? वाटत नाही. तरी केला.

सरदाराचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. कारागिराचंही नाही. पण सरदार मोठा होता हे आपल्याला कळतं ते कारागिरांच्या हातच्या कामावरून. अन् त्या तिसऱ्या सिंहात तर एका माणसाचा हात सरळ ओळखू येतो.

साच्यावर धागा तुटला की मी गाठ मारतो. कापड नीट चाचपलं तर ती बोटाला लागते. दोस्तहो, इतिहासही असाच चाचपून वाचा. मुकुट दिसला, तलवार दिसली, तर राजाचं नाव मागनं विचारा. आधी विचारा, हे केलं कुणी?