खो मिळाला की उठायचं

पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या बचत गटांतल्या सगळ्या ताई, माई, आक्कांनो, आज हप्ता, व्याज आणि वही जरा बाजूला ठेवू. आज मी तुम्हाला खो-खोचा इतिहास सांगणार आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी शाळेत हा खेळ खेळल्या असतील. पुढे तो का सुटला, हेही त्या इतिहासातच येतं.

खेळ जुना, पण त्याला कागदावरचे नियम मिळाले ते गेल्या शतकात. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम ठरवायला घेतले. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचं पुस्तक छापलं. त्याआधी गावागणिक खेळ वेगळा होता. नियम एक झाले आणि एका गावाचा संघ दुसऱ्या गावाशी खेळू लागला.

नियम तुम्हाला आठवत असतील. आठ जणी मध्यरेषेवर एकीआड एक, उलटसुलट तोंडं करून बसतात. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघी आत येतात. पळणारीला बसलेल्यांच्या मधून हवं तिकडं जाता येतं, पण पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही आणि मागेही वळता येत नाही. म्हणून ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवते, ‘खो’ म्हणते आणि तिच्या जागी बसते. पुढचं पळणं दुसरीचं. कितीही वेगवान मुलगी असो, तिला एकटीला हा खेळ जिंकता येत नाही.

आणि खर्च किती? दोन खांब, थोडी फक्की आणि सपाट जमीन. बॅट नको, बूट नकोत. म्हणूनच हा खेळ गरिबाच्या शाळेत टिकला.

आता बायकांचं बघा. आपल्या आज्या खेळायच्या नाहीत असं नाही. नागपंचमीला फुगडी, झिम्मा, झोका सगळं व्हायचं. पण ते सणापुरतं आणि बायकाबायकांत. पंच शिट्टी वाजवतोय, गाव बघतंय आणि मुली मैदानात पळतायत, हे वेगळं होतं. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. पुढच्याच वर्षी महिलांची झाली, आणि ती आपल्या कोल्हापुरात. १९७१ मध्ये अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीही बाई या खेळात देशपातळीवर पोचली होती.

जवळचं नाव हवं असेल तर धाराशिवच्या सारिका काळे यांचं घ्या. घरची गरिबी इतकी, की एक वेळच्या जेवणावर दिवस काढलेले. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागल्या. खेळाने पदक दिलं, तसं पोट भरायचं साधनही दिलं.

मग जानेवारी २०२५. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तिथं मातीऐवजी मॅट होती आणि नऊऐवजी सात-सात खेळाडू. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिचं मूळ आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं.

बीडच्या मुली कर्णधार होतात, तर आपल्या का नाहीत? पळण्यात आपल्या मुली कमी नाहीत. डोंगर चढून पाणी आणणारे पाय आहेत त्यांचे. पण दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुलगी बरोबर जाते. लहान भावंडं सांभाळते, फडाजवळच्या कोपीवर भाकरी थापते. इकडे शाळेत नऊ जणींचा संघ सहा जणींचा होतो. पाडव्याच्या आसपास ती परत येते, तोवर सराव बुडालेला असतो आणि अभ्यासही. त्यात ती मोठी झाली, की ‘आता पळणं शोभतं का’ हे घरातलंच कुणीतरी म्हणतं. पुढची पायरी लग्नाची, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यात आपल्या हातात काहीच नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान असावं, असा निकष आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्यात. तिथं बसून नुसती सही करू नका. मैदानावर दगड का पडलेत, ते विचारा. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावात राहता यावं, म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. तिची मागणी दिवाळीआधी करा, गाड्या भरल्यावर नाही. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत आणखी एक विषय घ्या: आपल्यातल्या कुणाकुणाच्या मुली यंदा मागे राहू शकतात, आणि त्यांच्याकडे कोण लक्ष देईल. आजी असेल, चुलती असेल, नाहीतर गटातलीच एखादी.

खो-खोत बसलेली मुलगी रिकामी बसलेली नसते. तिचे पाय उठायच्या तयारीत असतात, कान हाकेकडे असतात. पण खो मिळाल्याशिवाय तिला उठता येत नाही. आपल्या मुली तशाच बसल्यात. खो द्यायची पाळी आपली आहे.