'ईजिप्त'चे सोने आणि पाणबुड्यांचे श्रम

सोने-चांदी घेऊन मुंबईकडे निघालेले 'ईजिप्त' हे जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात 'सेन' या फ्रेंच जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. ८० हून अधिक माणसे दगावली. सुमारे ४०० फूट खोलीवर साध्या पोशाखातील पाणबुड्यास काम करणे अशक्य होते. म्हणून 'आर्तिल्यो'वरील इटालियन पथकाने त्यास पोलादी कोठडीत खाली सोडले. तो दूरध्वनीवरून दिशा सांगे आणि जहाजावरील यारी पंजाने अवशेष उचली. हाताचे काम यंत्राकडे गेले. पाणबुड्याकडे दृष्टी उरली. तथापि धोका टळला नाही. डिसेंबर १९३० मध्ये दारूगोळ्याचे दुसरे बुडालेले जहाज फोडताना झालेल्या स्फोटात प्रमुख पाणबुडे अल्बेर्तो जानी व त्यांचे अनेक सहकारी मृत्यू पावले. सोने वर आले ते जून १९३२ मध्ये. त्याच्या मूल्याचा हिशेब या मृत्यूंच्या नोंदीवाचून अपुराच राहतो.